तांबी, अंतरा, छाया, निरोध: सरकारी दवाखान्यात फुकट असतात, पण मागितल्यावर मिळतात का?

रानजाई

मंडळी, बरेच दिवस मनात असलेला विषय मांडते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आपल्याकडे कुटुंबनियोजन म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते बाईचं ऑपरेशन. दोन लेकरं झाली, धाकटं चालायला लागलं की सासूच म्हणते, "आता करून टाक." सरकारी यंत्रणाही तिथपर्यंत नीट पोचवते. आशाताई सोबत येते, गाडीची सोय होते, खात्यावर थोडे पैसे जमा होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याने नसबंदी केलेल्या किती? ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे.

मला बोलायचंय ते ऑपरेशनच्या आधीच्या वर्षांबद्दल. पहिलं मूल लांबवायचंय, किंवा दोन मुलांत तीन वर्षं तरी जाऊ द्यायची आहेत, अशा बाईच्या हाती काय पडतं? कागदावर भरपूर आहे. तांबी दोन प्रकारची, एक दहा वर्षांची आणि एक पाच वर्षांची. अंतराची सुई, दर तीन महिन्यांनी. छायाची गोळी, आठवड्याला. माला-एन रोजची. निरोध. तातडीची गोळी. सरकारी दवाखान्यात हे सगळं मोफत. शिवाय २०११ पासून आशाताईंनी निरोध आणि गोळ्या घरपोच द्यायच्या अशी योजना आली, तीन निरोधांना १ रुपया, महिन्याच्या गोळ्यांना १ रुपया, तातडीच्या गोळीला २ रुपये. अंतरा आणि छाया सरकारी दवाखान्यांत २०१७ पासून आल्या.

मी बीड-पाथर्डी पट्ट्यात ऊसतोड बायकांच्या गटांबरोबर काम करते. अंतरा आली तेव्हा आम्हाला फार आनंद झाला होता. सुई म्हणजे घरात गोळ्या लपवायला नकोत, सासूला पाकीट दिसायला नको, नवऱ्याला विचारायला नको. पण हिशोब बघा. दसऱ्याला पहिली सुई घेऊन टोळी निघाली, तर दुसरी येते संक्रांतीच्या सुमाराला आणि तिसरी पाडव्याच्या. म्हणजे दुसरी सुई हमखास परमुलखात. सांगली, कोल्हापूर, सातारा, नाहीतर थेट बेळगाव-बागलकोटच्या फडात.

आमच्या गटातल्या एकीने अंतराचं कार्ड आधारकार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोपीच्या (फडाजवळच्या झोपडीच्या) कुडाला खोचून ठेवलं होतं, उंदरांनी कुरतडू नये म्हणून वर. पुढच्या सुईची तारीख लिहिलेली. तारखेला ती फडातून अर्धा दिवस सोडून जवळच्या आरोग्य केंद्रात गेली. तिथे उत्तर मिळालं, "आमच्या रजिस्टरला तुमचं नाव नाही, तुमच्या गावात घ्या." परत जायचं तर पुन्हा खाडा. ती काही परत गेली नाही. पाडव्याला गावी आली तेव्हा दिवस गेलेले होते.

पुढची सुई दुसऱ्या केंद्रात घेता यावी म्हणूनच तर ते कार्ड हातात देतात. कार्ड बघायचं, तब्येत विचारायची, सुई द्यायची, नोंद करायची. एवढंच होतं.

तुमच्या गावात, शहरात काय अनुभव आहे? काय मागितलं, काय मिळालं, काय विचारलं गेलं? बाप्यांनीही लिहा.

पाथर्डीकर

ताई, आमच्याच घरचं लिहिल्यासारखं वाटलं. माझे आईवडील वीस-बावीस वर्षं कोयत्याला गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला देतो. एकट्या माणसाला फारसं कोणी घेत नाही. एक दिवस काम बुडलं की खाडा, त्याचे पैसे उचलीतून कापतात, बऱ्याचदा दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त. आता अशा ठिकाणी बाईला दिवस गेले, किंवा पाळीत अंगावरून जास्त जायला लागलं, तर ती बसणार कुठे? पहाटे तीनला उठून भाकरी, मग फड, मग मोळ्या डोक्यावर घेऊन शिडीने ट्रकवर चढायचं. आईला मी सातव्या महिन्यात मोळ्या वाहताना पाहिलंय.

यातूनच पिशवी काढायचं प्रकरण झालं. २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली, तिच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पेपरात सगळ्यांनी वाचलं असेल. पण बायका तिथपर्यंत का पोचल्या? पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय, पाळी नको झालीय, आणि पोरं झाली आहेत, तर आता ती पिशवी कशाला, असं डॉक्टरनेच सांगितलेलं. कित्येक जणी तिशीच्या आतबाहेरच्या. त्यांना आधी दहा वर्षांत कोणी तांबीबद्दल, निरोधबद्दल, साध्या अंगावरून जाण्याच्या औषधाबद्दल जवळ बसून चार शब्द सांगितले होते का, हा प्रश्न त्या गदारोळात फार कमी लोकांनी विचारला.

शेवंता

+१ दोघांनाही.

आमच्याकडे (विदर्भ, तालुक्याचं गाव) माझ्या जावेला बाळंतपण झाल्या झाल्या न विचारता तांबी बसवून मोकळे झाले होते. तिला घरी आल्यावर कळलं. तांबीला माझा विरोध नाही, मी स्वतः वापरते. पण विचारायला काय जात होतं? आता ती तांबीच्या नावाने घाबरते आणि दुसऱ्यांनाही घाबरवते.

निवृत्त_सिस्टर

नोकरीची सगळी वर्षं मी उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली. आतून बघितलेलं सांगते.

शेवंता, बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते, ती चांगली सोय आहे, कारण बाई तेव्हा दवाखान्यातच असते. पण तिचा होकार घेतल्याशिवाय बसवायची नाही, आणि तो विचारायचा आधीच्या तपासण्यांमध्ये, कळा चालू असताना नव्हे. तुझ्या जावेच्या बाबतीत झालं ते सरळ चुकीचं झालं.

आता टार्गेट. १९९६ मध्ये केंद्राने साधनवार उद्दिष्टं काढून टाकली. बोर्डावरून गेली, बैठकीतून गेली नाहीत. नाव बदललं, 'अपेक्षित पातळी' झालं. महिन्याच्या बैठकीत तालुक्याचे साहेब विचारायचे ते एकच, ऑपरेशन किती झाल्या. किती बायकांना तुम्ही अंतराबद्दल समजावलं, किती जणींनी दुसरी सुई वेळेवर घेतली, हे मला कोणी विचारलं नाही. जे विचारलं जातं ते काम होतं. सिस्टरही माणूस आहे, तिच्याकडे पाच-सहा गावं, लसीकरण, बाळंतपणं, पोर्टलवरच्या नोंदी.

साठ्याचंही तसंच. छाया येते, संपते, मागणी वर जाते, पुढचा माल येईपर्यंत आठवडे जातात. त्या गोळीची सवय झालेली बाई दोन महिने 'नाही' ऐकते आणि तिसऱ्या महिन्यात येतच नाही.

अंतराबद्दल एक गोष्ट मी जीव तोडून सांगते. सुईनंतर पाळी बिघडते. सुरुवातीला मध्येच लाल जातं, पुढे पुढे पाळी बंदही होते. यात धोका नसतो. पण बायकांच्या मनात पक्कं बसलेलं असतं की रक्त आत साठतंय, डोक्यात चढेल, गाठ होईल. हे सुई देण्याआधी सांगितलं तर बाई टिकते, सुई दिल्यावर सांगितलं तर तिला वाटतं आपल्याला फसवलं. आणि सुई सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने लागू शकतात, हेही आधीच सांगायचं. नाहीतर पुढच्या वर्षी मूल हवं असणारी सून वांझ झाली म्हणून गावभर होतं.

रानजाई, तुमच्या त्या बाईला तारीख चुकली तरी चार आठवड्यांपर्यंत सुई घेता आली असती. आमच्या शिकवणीत हे स्पष्ट आहे. दोन आठवडे आधी घेतली तरी चालते. हे कार्ड देतानाच तोंडी सांगायला हवं.

सडेतोड

सगळ्यांचं वाचलं. पण मूळ मुद्दा बाजूला राहतोय असं माझं स्पष्ट मत आहे. देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या वर गेली. चॉइस, समुपदेशन वगैरे ठीक आहे, पण दोन अपत्यांचा नियम कडक केल्याशिवाय काही होणार नाही. पंचायतीत आहे तसा सगळ्याच योजनांना लावा.

रानजाई

सडेतोड, तुमची काळजी मनापासूनची आहे हे मान्य. पण आकडे वेगळं सांगतात. त्याच पाहणीत देशाचा जननदर २.० आला, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोन मुलं. महाराष्ट्राचा १.७. पिढी जेवढ्यास तेवढी राहायला साधारण २.१ लागतो. आपण त्याच्या खाली येऊन पोचलो. लोकसंख्या अजून वाढतेय ती तरुणांची संख्या मोठी आहे म्हणून. त्याला शिक्षेने उतार पडत नाही. पहिलं मूल उशिरा आणि दोघांत अंतर, याने मात्र पडतो, आणि नेमकी तीच साधनं मिळत नाहीत अशी माझी तक्रार आहे.

पंचायतीच्या नियमाचं म्हणाल तर आमच्याकडे तिसरं मूल लपवणं, दुसऱ्याच्या नावावर दाखवणं, तिसऱ्या वेळी पोटुशी असलेल्या बायकोला माहेरी टाकून देणं, हे सगळं बघितलंय. त्यात सरपंचकी गेली ती बहुतेक बाईचीच गेली, आणि मूल किती व्हावं हे तिने ठरवलेलं नव्हतं.

जुनी_पानं

सडेतोड यांच्या प्रतिसादावरून थोडं मागे जाऊन लिहितो, अवांतर वाटलं तर क्षमस्व.

सक्ती या राज्याने करून पाहिली आहे. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. त्या एका वर्षात देशभर ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, त्यातल्या तीन चतुर्थांश पुरुषांच्या. बस अडवून, पगार रोखून, कोटा भरायला. त्यानंतर पुरुष नसबंदी जी पडली ती आजतागायत उठली नाही, आणि सगळा भार बायकांच्या पोटावर गेला. रानजाई यांनी दिलेला ०.३ टक्क्याचा आकडा बऱ्याच अंशी त्या वर्षाची देणगी आहे.

आणि त्याच्या कितीतरी आधी याच भूमीत वेगळा विचार मांडला गेला होता. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यापायी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, पदरमोड करून, अश्लीलतेचे खटले अंगावर घेऊन. एका खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मूल हवं की नको हे बाईने ठरवायचं, आणि शरीरसुख हा तिचाही हक्क आहे, हे कर्वे त्या काळात छापून सांगत होते. त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी त्यांच्या बरोबरीने हे सगळं सोसलं, त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं.

१० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाची साधनं सरकारने लोकांना उपलब्ध करून द्यावीत असा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं. त्यातला रोख गरिबाघरच्या बाईवर होता, वारंवारच्या बाळंतपणांनी तिचं शरीर खचतं यावर. ठराव फेटाळला गेला. पुढे स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, असा कार्यक्रम घेणारा जगातला पहिला देश म्हणून. पुण्याच्या शकुंतलाबाई परांजपे तर १९३०च्या दशकापासून बायकांना भेटून, साधनं हातात ठेवून हे काम करत होत्या.

म्हणजे मागणी होती साधनं मिळावीत अशी. मध्येच कुठेतरी तिचं आकडे गाठण्यात रूपांतर झालं. आजच्या सिस्टरच्या बैठकीत 'ऑपरेशन किती' विचारलं जातं, ते त्यातलंच उरलेलं आहे.

सडेतोड

जुनी_पानं, १९७६ च्या विधेयकाचं मला माहीत नव्हतं. सक्तीचा माझा आग्रह नव्हता, नियमाचा होता. विचार करतो.

कृष्णाकाठ

रानजाईताईंनी बाप्यांनी लिहावं म्हटलंय म्हणून लिहितो. मी सांगली जिल्ह्यातला, शेती आणि दुकान. दुसरी मुलगी झाल्यावर मी नसबंदी करून घेतली.

बिनटाक्याची असते. भूल तेवढ्याच जागेपुरती. वीसेक मिनिटांत टेबलावरून उठलो, बारीकसं भोक, त्यावर पट्टी. त्या दिवशी कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून घरी यायचं, दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचं नाही आणि घट्ट लंगोट किंवा आतली चड्डी घालायची. जरा ठणकतं, दातदुखीपेक्षा कमीच. पण लगेच बिनघोर होता येत नाही. तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. ही तपासणी बरेच जण टाळतात आणि मग ऑपरेशन फसलं म्हणतात, नाहीतर बायकोवर संशय घेतात. तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय निरोध सोडू नका.

ताकद जात नाही. मी नांगरट केली, पोती उचलली, घरातलं सगळं पूर्वीसारखंच आहे. हे स्पष्ट लिहितोय कारण पुरुषांच्या मनातली भीती तीच असते आणि ती कोणी तोंडाने बोलत नाही.

सगळ्यात जास्त विरोध केला तो माझ्या आईने. "कमावता माणूस तू, तुला काही झालं तर? तिचं करू या की, सगळ्या बायका करतात." बायकोची दोन्ही बाळंतपणं सिझेरियन झालेली. मी आईला म्हटलं, तिचं पोट दोनदा फाडून झालंय. त्यावर आई गप्प झाली, पण सहा महिने माझ्याशी नीट बोलली नाही.

दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, तेव्हा तालुक्याला सर्जन येतात. एरवी आमच्याकडे बिनटाक्याची करणारा डॉक्टर शोधायला जिल्ह्याला जावं लागतं. सरकार पुरुषाला बाईपेक्षा जास्त पैसे देतं, पण प्रश्न पैशाचा नाहीच. आमच्या गावात माझ्यानंतर तिघांनी केली, तिघेही आधी रात्री दुकान बंद करायच्या वेळी येऊन विचारून गेले.

आणि हो, ताई, ती बाई आमच्याच भागात आली असेल तर वाईट वाटलं. आमच्या कारखान्याच्या अड्ड्यावर दर हंगामात शेकडो कोप्या पडतात. लसीकरणाला सिस्टर तिथे जाते हे मी बघतो. त्याच फेरीत अंतराच्या सुया नेता येतील की.

कट्ट्यावरची

हे सगळं विवाहितांचं चाललंय, मला शहरातलं आणि अविवाहितांचं लिहायचंय. पुणे, वय २४, नोकरी.

तातडीची गोळी घ्यायला औषधाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने आधी मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांकडे बघितलं, मग मोठ्याने विचारलं, "डॉक्टरची चिठ्ठी?" मी म्हटलं लागत नाही. "आम्ही ठेवत नाही." दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यात मिळाली, वर्तमानपत्रात गुंडाळून, चोरीचा माल दिल्यासारखी.

नंतर नियमित वापरायचं काहीतरी साधन घ्यावं म्हणून महापालिकेच्या दवाखान्यात गेले. पहिला प्रश्न, लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर, "मग कशाला हवंय?" मी उठून आले. खासगीत जाण्याइतका पगार आहे म्हणून माझं भागलं. माझ्या हॉस्टेलमधल्या, घरून महिन्याला मोजके पैसे येणाऱ्या मुलींनी काय करायचं?

डॉ_माणगंगा

स्त्रीरोग आणि प्रसूती, सरकारी आणि नंतर खासगी, दोन्हीकडे काम केलं आहे.

कट्ट्यावरची, तुमच्याशी झालं त्याला नियमात आधार नाही. तातडीची गोळी (लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम) चिठ्ठीशिवाय मिळते. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली. तिने गर्भपात होत नाही, बीज बाहेर पडणं लांबतं. आधीच दिवस राहिले असतील तर तिचा काही परिणाम नाही. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती गोळीपेक्षाही खात्रीची, आणि पुढची कैक वर्षं कामाला येते. अविवाहित किंवा मूल न झालेल्या मुलीला तांबी चालत नाही हा समज जुना आहे.

दुकानदारांच्या भीतीमागे एक कारण आहे, समजून घेण्यासारखं. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या, त्यांना चिठ्ठी लागते. २०१२ मध्ये बीडमधलं लिंगनिदान-गर्भपाताचं प्रकरण उघडकीला आल्यावर औषध प्रशासनाने राज्यभर दुकानांवर धाडी घातल्या, गर्भपाताच्या गोळ्यांचा हिशोब मागितला. स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धची ती मोहीम गरजेची होती. पण नऊ आठवड्यांच्या आत गोळ्यांनी गर्भपात करताना लिंग कळलेलंच नसतं, हे कोणी लक्षात घेतलं नाही. दुकानदारांनी भानगड नको म्हणून गोळ्या ठेवणंच बंद केलं, आणि काहींनी तातडीची गोळीही त्याच खणातून काढून टाकली. याचा फटका खेड्यातल्या बाईला बसतो. ती मग भोंदूकडे जाते, नाहीतर उशिरा, चौथ्या महिन्यात आमच्याकडे येते.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ च्या दुरुस्तीत गर्भनिरोधक फसल्याच्या कारणासाठी 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' याऐवजी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीतूनही अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही असं सांगितलं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची, बापाची सही लागत नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

वेणू

डॉक्टर, एक विचारू का? आमच्याकडे घरकामाला येते तिला तीन मुलं आहेत, तिला ऑपरेशन करायचंय. नवरा दारू पितो, सही करत नाही. दवाखान्यात सांगितलं की नवऱ्याची सही आण. दोन वर्षं अशीच गेली.

डॉ_माणगंगा

नसबंदीला जोडीदाराची संमती लागत नाही. सरकारच्याच मार्गदर्शक सूचनांत तसं लिहिलंय. अटी एवढ्याच, लग्न झालेलं असावं, बाईचं वय २२ ते ४९ मध्ये, आणि किमान एक मूल एक वर्षाच्या पुढचं. अर्जावर तिची सही किंवा अंगठा. तिला सही येत नसेल तर तिच्या विश्वासाच्या साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं. तुम्ही सोबत जा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून शांतपणे हे सांगा. तोंडी नकार दिला तर लेखी मागा. लेखी नकार कोणी देत नाही, काम होतं.

सोबत जाल तेव्हा हेही बघा की एका दिवसात एका सर्जनच्या नावावर किती बायका आहेत. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली, १३ जणी दगावल्या. त्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली. एका पथकाने दिवसात ३० च्या वर करायची नाहीत असा नियम आहे. ऑपरेशन करूनही दिवस राहिले तर नुकसानभरपाई मिळते, पण कळल्यापासून ९० दिवसांत दावा करावा लागतो. ऑपरेशनचा दाखला जपून ठेवायला सांगा.

वेणू

खूप आभार. सोमवारी तिच्यासोबत जाते आहे. ती सूचना मराठीत छापून नेते.

पाथर्डीकर

सिस्टर, एक विचारतो. दुसरी सुई परमुलखात मिळेलच याची खात्री नाही, तर छायाच्या गोळ्या हंगामभराच्या सोबत देता येतील का? माझ्या चुलत भावाची बायको यंदा पहिल्यांदा कोयत्याला निघालीय. लेकरू आठ महिन्यांचं, अंगावर पितंय.

निवृत्त_सिस्टर

अंगावर पाजणाऱ्या बाईला छाया चालते, दुधावर परिणाम नाही. तिच्यात हार्मोन नाही, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली आपलीच गोळी आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, समजा रविवार आणि बुधवार. तीन महिन्यांनंतर आठवड्यातून एकदा, पहिली ज्या वारी सुरू केली त्याच वारी. पाळी लांबू शकते, घाबरायचं नाही. पण पाळी पंधरा दिवसांच्या वर लांबली तर तपासून घ्यायचं. काविळीचा किंवा यकृताचा त्रास, अंडाशयात गाठी असं काही असेल तर ही गोळी नको, म्हणून आधी डॉक्टरला दाखवायचं.

हिशोब असा. पाकिटात ८ गोळ्या. पहिल्या तीन महिन्यांना सुमारे २६ लागतात, पुढच्या तीन महिन्यांना १३. म्हणजे सहा महिन्यांना पाच पाकिटं. आत्ताच सुरू केली, निघायला दोन महिने असतील, तर सोबत न्यायला चार पाकिटांत भागेल. शिवाय सुरुवातीची दुखणीखुपणी गावात असतानाच कळतील. गोळी चुकली आणि सात दिवसांच्या आत आठवली तर लगेच घ्यायची आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांच्या वर गेले तर पहिल्यापासून, पुन्हा आठवड्याला दोन.

सहा महिन्यांचा साठा एकदम द्यायला सिस्टर कांकू करेल, कारण तिच्याकडेच मोजका असतो. टोळी निघायच्या महिनाभर आधी, गावातून किती बायका जाणार आहेत याची यादी तिच्या हातात दिली तर तिला वर मागणी नोंदवता येते. यादी आशाताईकडून गेली तर उत्तम.

रानजाई

सिस्टर, यादी आम्ही करतो. आमच्या गटांत गावनिहाय नावं आहेतच, कोण कुठल्या कारखान्याला जाणार हे पोळ्यापर्यंत ठरतं. कृष्णाकाठ, तुमच्या भागात कुठल्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत टोळ्या उतरतात, आणि तिथे अंतराची सुई ठेवतात का, एवढं विचारून सांगाल? तुमच्यासारखे चार-पाच जण वेगवेगळ्या कारखान्यांच्या भागातून मिळाले तर निघण्याआधीच प्रत्येकीच्या कार्डावर मागच्या बाजूला तिथल्या केंद्राचं नाव लिहून देता येईल.

कृष्णाकाठ

उद्या बाजारचा दिवस आहे, आमच्या केंद्रातल्या सिस्टर दुकानावर येतातच. विचारून इथेच लिहितो. पलीकडच्या तालुक्यात मेव्हणा आहे, त्यालाही सांगतो.